चमचाभर पाणी

अंगातली उष्णता उतरावी, झोप लागावी म्हणून तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय. मेंदूला मार लागलेल्या माणसावर कुणी तो सुचवला असता तर एकेकाळी डॉक्टर हसले असते. आता मोठ्या इस्पितळांत त्यासाठी वेगळे वॉर्ड होते, आणि घाटाखालच्या या पुनर्वसन केंद्रात त्या वॉर्डाचा सगळा भार सिस्टर प्रमिला भालशंकर यांच्यावर होता.

वाटी मात्र आता साधी राहिली नव्हती. नर्सच्या कपाळावरची पट्टी तिच्या मेंदूतल्या लहरी टिपायची आणि वाटी त्याच लहरींवर थरथरायची. ती थरथर तळपायाच्या नसांतून रुग्णाच्या मेंदूपर्यंत जायची. जखमी मेंदूतल्या पेशींना नवे धागे फुटतात, पण कुठे जोडून घ्यायचं ते त्यांना कळत नाही. शाबूत मेंदूची लय मिळाली की ते तिच्या आधाराने जुळू लागतात. याला नाव पडलं होतं लयदान. सिस्टरच्या मनातलं काही आमच्या माणसात जाणार नाही ना, असं नातेवाईक भीतभीत विचारायचे. डॉ. निरगुडकरांचं उत्तर ठरलेलं होतं, "तबल्याचा ठेका जातो हो, गाणं जात नाही."

प्रमिलाबाईंच्या हाताला गुण होता. अकरा माणसं त्यांनी पायांवर उभी करून घरी धाडली. फक्त एक खोड त्या अकराही जणांत राहिली. आडवं पडलेलं असताना कुणी पाण्याचा चमचा तोंडाशी नेला की ती ओठ गच्च मिटून रडायला लागायची. जखमेमुळे असं होतं, असं डॉक्टरांनी फायलीत लिहून टाकलं. प्रमिलाबाईंना मात्र वेगळीच शंका आली, कारण तो चमचा त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांचे वडील, अण्णा, अर्धांगवायूने सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. गिळता न येणाऱ्या माणसाला आडवं ठेवून पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत उतरतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. चौदा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, लागोपाठ दोन ड्यूट्या करून आलेल्या प्रमिलाबाईंनी अण्णांना उठवून न बसवताच चमचा तोंडाला लावला. विसरून नव्हे, ठाऊक असून. चौथ्या दिवशी अण्णा न्यूमोनियाने गेले. पोरीने सेवा करावी तर अशी, असं गाव म्हणालं. ते कौतुक त्यांनी मुकाट्याने गिळलं होतं.

बारावी रुग्ण केतकी पाटणे, तेवीस वर्षांची, स्कूटरवरून पडल्यापासून बेशुद्ध. तिची आई शालनताई रोज प्रमिलाबाईंच्या पाया पडायला वाकायची. हिला दुसऱ्या कुणाकडे द्या, अशी प्रमिलाबाईंनी डॉक्टरांना गळ घातली. कारण विचारल्यावर त्यांनी उलट प्रश्न केला.

"डॉक्टर, एकच ठेका महिनोन्‌महिने कानावर पडला, तर ऐकणाऱ्याला गाणं ओळखू नाही का येणार?"

डॉक्टरांनी केतकीची फाईल मिटली. मग म्हणाले, की तुमच्याइतकी स्थिर लय इथे दुसऱ्या कुणाची नाही. या पोरीला जन्मभर खाटेवर ठेवायचं असेल तर खुशाल नाही म्हणा.

प्रमिलाबाईंना नाही म्हणवलं नाही. वाटी फिरवताना त्या मनात पाढे म्हणायच्या, वाणसामानाची यादी आठवायच्या. पण नको म्हटलेला पाहुणाच आधी दारात उभा राहतो. पाढा सातावर पोचायच्या आत ती दुपार हजर असायची.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी केतकीने डोळे उघडले. आईला ओळखलं, तिचा हात धरला आणि हुंदका आवरत ती म्हणाली, "आई, मी अण्णांना मारलं."

पाटण्यांच्या घरात अण्णा नावाचं कुणी नव्हतं. केतकी सांगतच राहिली. भर दुपार होती, हिरवा पंखा घरघरत होता, चमच्याच्या दांड्याला पोचा होता. 'बसव गं आधी' असं अण्णा दोनदा म्हणाले होते. शालनताई घाबरून डॉक्टरांकडे बघू लागल्या. भ्रम आहे, उतरेल हळूहळू, पोरगी बोलली हे काय थोडं झालं, असं म्हणत डॉक्टर त्यांना बाहेर घेऊन गेले.

प्रमिलाबाई खाटेच्या कडेला बसल्या. अण्णा दोनदा म्हणाले होते, हे या जगात त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ते तू केलं नाहीस, बाळ," त्या म्हणाल्या. "मी केलं. अण्णा माझे वडील होते."

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, थोडी कीवही होती.

"सिस्टर, तुम्ही फार चांगल्या आहात. पण माझ्यासाठी खोटं नका बोलू. चमचा माझ्याच हातात होता. मला आठवतंय ना."

प्रमिलाबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. केतकी त्यांच्या हातावर थोपटत राहिली, पण तिला काही पटलं नाही. बरी होऊन घरी गेलेली अकरा माणसं प्रमिलाबाईंच्या डोळ्यांपुढे आली. ती शाळामास्तरीण, तो एसटीचा ड्रायव्हर, ती दोन लेकरांची आई. न केलेला गुन्हा उराशी धरून ती आपापल्या घरांत गप्प बसली असतील. मग त्यांनी चमच्यावरचा पोचा आठवून पाहिला. तो आठवला, पण दुसऱ्या कुणी सांगितल्यासारखा. चौदा वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं कमी झालं होतं, आणि त्या सुखाची त्यांना शिसारी आली.

दारातून डॉक्टरांनी हाक मारली. तेरावा रुग्ण तयार होता.

प्रमिलाबाईंनी पट्टी कपाळाला बांधली. वाटीकडे गेलेला त्यांचा हात जराही थरथरला नाही.