घोडे, भाले आणि आरसा

"परत हरलो!" संगणकावरच्या लढाईचा दुसरा डावही गेला, तशी फटाकडीने हेडफोन टेबलावर आदळला. "आम्ही घोडेस्वार बनवले की यांचे भालाईत तयार. आम्ही तिरंदाज बनवले की यांचे घोडे तयार. हे काय ज्योतिषी आहेत?"

समोरच्या टेबलावर इमारतीचे व्यवस्थापक खुर्चीत रेलून हसत होते. एका बाजूला वकीलकाका, दुसऱ्या बाजूला दातांचे डॉक्टर.

"याला अनुभव म्हणतात, बेटा," व्यवस्थापक म्हणाले. "हा शेवटचा डाव हरलात की खोली आमची. उद्यापासून इथे व्यायामाची यंत्रं!"

फटाकडीच्या अंगाचा तिळपापड झाला. नाचाच्या वर्गाची ही खोली सुट्टीभर मुलांची असायची. जुने संगणक त्यांनी घरोघरी फिरून जमवले होते, वायरी त्यांनीच ओढल्या होत्या. आता मोठ्यांना आयती खोली हवी होती! तीन डावांतला एक जरी जिंकलात तरी खोली तुमची, असं व्यवस्थापकांनी केवढ्या दिमाखात सांगितलं होतं. तेव्हाच संशय यायला हवा होता.

"पाणी पिऊन या," पंच झालेली फटाकडीची आत्या म्हणाली. "मग शेवटचा डाव."

बाहेर व्हरांड्यात फटाकडीचा मावसभाऊ चष्मिष चष्मा पुसत विचार करत होता. शेजारचा गप्पू मात्र झोपेतही गप्प बसणारा नव्हता.

"ते व्यवस्थापक स्वतःच्या स्क्रीनकडे बघतच नाहीत! सारखे आपल्या डोक्यावरून मागे बघतात. मला वाटलं, भिंतीवर पाल आहे."

फटाकडी थबकली. तिने दारातून हळूच डोकावलं. मुलांच्या खुर्च्यांमागे नाचाच्या वर्गाचा भिंतभर आरसा होता. त्यावरचा पडदा एरवी कायम ओढलेला असायचा. आज तो सरकवलेला होता, आणि मुलांचे तिन्ही स्क्रीन आरशात लख्ख दिसत होते!

"चोर! लबाड!" तिची कानशिलं तापली. "आत्ता पडदा ओढते आणि चांगली ऐकवते."

"थांब," चष्मिषने तिचा हात धरला. "ते म्हणतील, वाऱ्याने सरकला. तुझ्याकडे पुरावा काय?"

"मग काय, बघू द्यायचं त्यांना?"

"हो, बघू दे! एकाच प्रकारचं सैन्य असलं की त्याला एकच तोड पुरते. भालाईत घोड्यांना अडवतात, तिरंदाज भालाइतांना लांबूनच टिपतात, घोडे तिरंदाजांना तुडवतात. पण तिन्ही बरोबर चालले, एकमेकांना सांभाळत, तर? हे मी पहिल्यापासून सांगतोय. तू ऐकतेस कुठे? तुला घाई, म्हणून दर वेळी एकच प्रकार हवा."

फटाकडीला त्याचाही राग आला, कारण तो खरं बोलत होता. तिने ओठ चावला आणि मग म्हणाली, "चला. आधी किल्ल्यात घोडेच भरू. एकही बाहेर काढायचा नाही."

डाव सुरू झाला. नकाशावर जिथे आपला माणूस पोचलेला नाही तिथे नुसता काळोख दिसायचा, आणि मुलांच्या किल्ल्याजवळ मोठ्यांचा एकही माणूस फिरकला नव्हता. तरी मोठ्यांकडे भराभर भालाईत उभे राहिले!

"आता तिरंदाज!" फटाकडी कुजबुजली. गप्पूने तिरंदाज बनवायला घेतले, चष्मिषने त्यांच्यापुढे उभे करायला भालाईत. समोर एकदम गडबड उडाली.

"घोडे बनवा!" वकीलकाका ओरडले.

"अहो, त्यांचे भालाईतही निघालेत!" डॉक्टर म्हणाले. "आता काय बनवू?"

मुलांचं सैन्य निघालं. पुढे भाले, मागे तिरंदाज. मोठ्यांचे भालाईत जवळ येण्याआधीच बाणांनी कोसळले. त्यांचे मूठभर घोडे तिरंदाजांवर धावून आले आणि पुढच्या भाल्यांवर आपटले. डॉक्टरांनी घाईघाईने तिरंदाज काढायला घेतले.

"तिरंदाज नकोत!" व्यवस्थापक किंचाळले. "त्यांचे सगळे घोडे अजून किल्ल्यातच आहेत!"

"सोडा घोडे!" फटाकडी गरजली. घोडे बाजूने सुटले आणि त्या तिरंदाजांना तुडवत थेट मोठ्यांच्या किल्ल्यात घुसले.

"जिंकलो!" गप्पूने खुर्चीवरच उडी मारली.

आत्या मात्र व्यवस्थापकांकडे बघत होती. "त्यांच्या किल्ल्यातलं तुम्हाला कसं दिसलं हो?"

व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला. आत्याने त्यांच्या खुर्चीमागे जाऊन समोर पाहिलं. आरशात तिला मुलांचे तिन्ही स्क्रीन दिसले.

"शरम वाटत नाही?" ती कडाडली. "आणि मी कसली पंच! डोळे असून आंधळी. मुलांनो, ते बघत असतानाही तुम्ही त्यांना हरवलंत. शाब्बास रे पठ्ठ्यांनो! खोली तुमची."

वकीलकाकाही पुटपुटले, "खरंच हुशार आहेत पोरं."

"अहो, जरा गंमत केली," व्यवस्थापक म्हणाले.

"गंमत?" फटाकडी उसळली. "आम्ही खोली सोडून निघालो असतो! माफी मागा."

व्यवस्थापकांनी फरशीकडे बघत माफी मागितली.

"आमच्याकडे बघून मागा," फटाकडी म्हणाली. "आज दिवसभर तेच तर करत होतात!"