नखावरचा उजेड

तपासनिसानं तोच कंटेनर दुसऱ्यांदा नापास केला, तेव्हा वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्रेनमधून सुटून आपटल्यामुळे कंटेनरच्या कोपऱ्याचा खांब वाकला होता. त्यानं तो कापला, नवा तुकडा बसवला, खालची चौकट जॅक लावून सरळ केली. टाका असा मारला की वरून बोट फिरवलं तर कुठं अडकू नये. वीस वर्षं हेच केलं होतं. आणि तपासनीस म्हणत होता, खांबाशेजारी उजेड दिसतो. आणखी एकदा दिसला तर वेल्डिंगचं कार्ड जमा करायचं आणि उद्यापासून तारेच्या ब्रशनं गंज खरवडत बसायचं.

उजेडाची चाचणी तशी सोपी. एकानं आत उभं राहायचं, दारं बाहेरून लावून घ्यायची. पत्र्याला सुईएवढं भोक असलं तरी अंधारात लख्ख दिसतं. त्याभोवती खडूनं गोल करायचा आणि बाहेर येऊन भोक बुजवायचं.

सकाळपासून त्याचे तीन गोल झाले होते. दर वेळी बाहेरून बघावं तर पत्रा ठणठणीत. तरी त्यानं घासून पुन्हा टाका मारला. आत जाऊन बघावं तर उजेड वीतभर सरकलेला. ग्राइंडरवर त्याचा मेहुणा होता, दोन लेकरांचा बाप. आता चष्म्याचं बघा भावजी, असं तो सहज बोलून गेला आणि अशा शिव्या खाल्ल्या की पुढं गुमान चकती बदलत बसला.

"मशीनचा प्लगच काढ," वेल्डर म्हणाला. "आसपास एक ठिणगी उडता कामा नये. बघतोच, हा उजेड येतो कुठनं."

मेहुण्यानं प्लग काढला, दारं लावली आणि दांडा ओढला.

आत गंजाचा नि जळक्या रंगाचा वास कोंडला होता. डोळे अंधाराला सरावले. उजेड होताच. छातीच्या उंचीवर, निळसर, थरथरणारा. वेल्डरला त्या एवढ्याशा ठिपक्याचा इतका राग आला की खडू काढायच्या आधीच त्यानं भोकावर अंगठा दाबला.

उजेड बुजला नाही. तो त्याच्या नखावर पडला.

तो तसाच उभा राहिला. उजेड समोरून येत नव्हता.

त्यानं मागं वळून पाहिलं. काळोख.

पुन्हा भिंतीकडे पाहिलं. तिथंही काळोख.

दारावर लाथा घालून तो बाहेर आला. प्लग धुळीत पडला होता आणि मेहुणा त्याच्याशेजारीच बसला होता. कार्ड जायची वेळ आलेली असताना असलं बोलून स्वतःचं हसं कोण करून घेईल?

तासाभरानं तपासनीस स्वतः आत गेला आणि घाम पुसत बाहेर आला. उजेड नाही म्हणाला. पास. क्रेननं कंटेनर उचलून नेला. कार्ड खिशात राहिलं, पण वेल्डरची चिडचिड काही जाईना.

संध्याकाळी घरी सदऱ्याची कॉलर मानेला झोंबायला लागली. बायकोनं त्याला दिव्याखाली बसवून कॉलर खाली ओढली. त्याचं भाजणं तिला नवं नव्हतं. मुखवट्याखालून सुटलेला गळा नाहीतर हनुवटी, तिनं वीस वर्षं मलम लावलं होतं.

"अहो, हे वेल्डिंगच्या आर्कच्या उजेडानं भाजलंय," ती म्हणाली. "मागून कशी लागली?"

ऊन लागलं असेल, तो खेकसला.

"उन्हानं सगळी मान भाजली असती. इथं मधे कोरे पट्टे राहिलेत." तिनं आपला पंजा त्याच्या मानेवर ठेवून पाहिला. चारही बोटं पट्ट्यांवर नेमकी बसली, फक्त लांबीला कमी पडली.

"कामाच्या वेळी तुमच्या मानेवर हात कोण ठेवून उभं होतं?"