चौथी गोळी

"केंद्राच्या फळ्यावर लिहिलंय, ताई! 'जमालनं औषध चुकवलं, म्हणून गेला.' येणारा-जाणारा वाचतो!"

निवेदिताबाईंच्या कर्जतच्या कचेरीत रुकय्या बसायलाही तयार नव्हती. चौक गावाला हमरस्त्यावर तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. त्याला क्षय निघाला, एका खासगी प्रकल्पाच्या खालापूरजवळच्या केंद्रातून औषध सुरू झालं, आणि चौथ्या महिन्यात माणूस गेला.

"मी माझ्या हातानं गोळ्या दिल्यात. रोज तीन. गिळल्यावर तोंड उघडून बघायची. एक दिवस चुकला नाय."

निवेदिताबाई दिघे खासगी तपासाची कामं घेत. त्यांनी झुहेबकडे पाहिलं. झुहेब त्यांची गाडी चालवी, टिपणं घेई आणि बहुतेक गोष्टी त्याला उशिरा कळत. पण जमालनं ही गाडी कितीदा तरी दुरुस्त केली होती. आज त्याची मूठ आपोआप वळली.

"गाडी काढ," बाई म्हणाल्या.

गॅरेजवर जमालचा धाकटा भाऊ फुरकान भेटला. भावाला आजारपणातही कामाला जुंपलं, असा गावाचा ठपका त्याच्यावर होता.

"भाई ऐकायचा नाय. एकटा ट्रकचं चाक उचलायचा, असला गडी! पण गोळ्या घ्यायचा. त्याचं बनियन बघा, घामानं नारिंगी झालंय. लघवीपण तशीच व्हायची."

बाईंनी बनियन नीट पाहून घेतलं.

शेजारच्या घरात इंदूबाई तांदूळ पाखडत होत्या. काडीसारखी बाई. त्यांचंही औषध त्याच केंद्रातलं, गेल्या दिवाळीपासूनचं.

"मी तर बरी झाले की! रोज तीन गोळ्या."

"बघा," बाहेर पडताना झुहेब पुटपुटला, "त्याच तीन गोळ्या. ही जगली, तो मेला. नशीब!"

"नशिबावर ढकलू नकोस रे," बाई फटकन म्हणाल्या.

केंद्रात आरोग्यसेविका संध्या एकटीच होती. तिचे डोळे सुजले होते.

"वजन बघून गोळ्या ठरतात, मॅडम. पन्नासच्या आत तीन, पन्नासच्या वर चार. जमालभाईंचं अठ्ठेचाळीस भरलं. हा नवा काटा शिमग्याला आला, त्यावरच केलं."

ती कार्ड शोधत असताना झुहेब सहज काट्यावर चढला. आकडा पाहून त्याचा चेहरा खुलला. "चौसष्ट! गेल्या वर्षी ऐंशी होतो!"

बाईंनी त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा शेवटच्या भोकावर होता, तरी पोट वरून ओसंडत होतं.

"हा काटा तुम्ही कधी उघडला होता का?" त्यांनी संध्याला विचारलं.

"नाही हो. मागच्या झाकणाला कुलूप आहे. किल्ली केयूर सरांकडे असते."

प्रकल्पाचा प्रमुख केयूर तेवढ्यात आला. कडक इस्त्री, गोड आवाज. भिंतीवर त्याचा सत्कार होतानाचा फोटो होता. खाली छापलं होतं, 'सर्वात कमी खर्चात सर्वाधिक रुग्ण'.

"जमालच्या नोंदणीला मी स्वतः होतो. एवढा धट्टाकट्टा माणूस! गोळ्या गिळल्या असत्या तर मेला असता का?" तो हसला. "ही माणसं थुंकून टाकतात, मॅडम."

जमालच्या कार्डाखाली केयूरचीच सही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी सगळ्यांना केंद्रात बोलावलं. कोपऱ्यात पोलीस हवालदार उभा होता. बाईंच्या सांगण्यावरून झुहेबनं तांदळाची दहा किलोची सीलबंद पिशवी काट्यावर ठेवली.

आकडा आला आठ.

"रिकामा असला की हा काटा शून्यच दाखवतो, म्हणून कुणाला संशय आला नाही," बाई म्हणाल्या. "वजन ठेवलं की पाचवा हिस्सा गिळतो. झुहेब, तू ऐंशीचाच आहेस. जमाल साठ किलोचा होता. त्याला चार गोळ्या हव्या होत्या, मिळाल्या तीन. इंदूबाईंची नोंद दिवाळीतली, जुन्या काट्यावरची. त्यांना तीनच पुरेशा होत्या, म्हणून त्या बऱ्या झाल्या."

"तो थुंकत असेल!" केयूर ओरडला.

"थुंकणाऱ्याचा घाम नारिंगी होत नाही. तो रंग या औषधाचा आहे, पोटात गेलेल्या औषधाचा. आणि काल तुम्हीच त्याला धट्टाकट्टा म्हणालात. मग अठ्ठेचाळीस किलोवर सही करताना हात कसा अडला नाही? संध्यानं काट्यानं दाखवलं ते लिहिलं. काटा बिघडवायला किल्ली लागते. ती तुमच्या खिशात आहे."

केयूरचा हात नकळत खिशाकडे गेला. मग तो उसळला. "शंभर जणांच्या औषधात मी सव्वाशे जण बसवले! वरचे लोक तेच विचारतात, माणशी खर्च किती! बरे किती झाले, हे कोण विचारतं?"

"मी विचारतेय!" रुकय्या पुढे झाली. "अपुरं औषध घालून मारलंस, वर त्यालाच लबाड ठरवलंस?"

झुहेबनं केयूरची कॉलर धरली. हवालदारानं ती सोडवली, पण काही फारशी घाई न करता.

नव्या काट्यावर मोजलेले एकतीस रुग्ण अजून गावोगाव गोळ्या घेत होते. बाईंनी तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांना फोन लावला. संध्यानं यादी काढली आणि त्याच संध्याकाळी गाडी पोशीर गावाला निघाली. रुकय्याही बसली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

यादीतलं पहिलं घर धाऊचं होतं. वजनाचं दुसरं यंत्र घेऊन आलेल्या संध्याला पाहताच म्हातारा खोकत उठला आणि त्यानं घाबरून हात जोडले.

"बाई, मी गोळ्या चुकवत नाय हां. देवाशप्पथ नाय चुकवत."

रुकय्यानं त्याचे हात धरून खाली केले.

"ठावं हाय, बाबा. तुमचं कायबी चुकलं नाय."