हळदीतून गेलेला निरोप

हळदीच्या पानांआड दोन बूट दिसले अन् निता जागीच थबकली. कुणीतरी पालथं पडलं होतं. साप तर चावला नसेल?

"अवो… उठा ना!"

"उठतो. पण त्या डबीवर पाय देऊ नका."

तो धम्मानंद. हिंगोलीचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. निताचे वडील भावसिंग यांना विचारूनच त्यानं पुसेगावच्या या रानात डब्या पुरल्या होत्या. प्रत्येक डबीनं मातीची ओल मोजायची, शेजारच्या डबीला बिनतारी निरोप द्यायचा, तिनं पुढच्या डबीला… असं करत तो निरोप विहिरीवरून त्याच्या मोबाईलवर यायचा.

"मंग रोज काहून येऊन राहिले? बापू सांगत व्हते."

"विहिरीजवळची डबी सारखी मरते. साऱ्यांचं ओझं तिच्यावरच. आता असं केलंय, की जिच्या बॅटरीत जास्त जोर उरला, निरोप तिच्याकडून जाईल. हाच माझा प्रोजेक्ट, न्हाई जमला तर वर्ष वाया."

मग निताही रोज येऊ लागली. कधी पाणी घेऊन, कधी नुसतीच.

एका संध्याकाळी त्यानं ती विहिरीजवळची डबी मुद्दाम बंद केली, मोबाईल निताच्या हातात दिला अन् कळशी घेऊन पार दूरच्या बांधावर गेला. तिथं पाणी ओतलं.

निता बघत राहिली. वारा पडलेला. पानसुद्धा हलत नव्हतं. डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं… आणि हातातल्या मोबाईलवर ओलीचा आकडा चढला! एवढ्या हिरव्या रानातून, मुकाट, कुठलीशी दुसरी वाट शोधत निरोप आला होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आला!" ती ओरडली.

तो धापा टाकत पळत आला. दोघं हसले… मग नितानं मोबाईल परत त्याच्या हातात दिला.

"झालं तुमचं काम. आता जाल."

"जाईन. अन् परत येईन."

"काहून? डब्या तर आपल्या आपण बोलतात."

"डब्यांसाठी न्हाई, निता."

तिनं मान खाली घातली. "तांड्यात लोक नावं ठेवतील."

"आमच्या वस्तीतबी ठेवतील. आई मात्र म्हणते— पोरगी आण, बघू दे." त्यानं तिचा हात धरला.

तेवढ्यात भावसिंग बांधावरून येताना दिसले. निता हात सोडवायला गेली… अन् तशीच थांबली.

"बापू," ती म्हणाली, "जरा इकडं या. तुमाला एक सांगायचंय."