डाव्या पायाचा ठसा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. तारखांवर विश्वास नसेल तर जुनं पंचांग काढून बघा.

गुरुवार, १७ जानेवारी १९८०. पौष अमावास्या. वेळ संध्याकाळची.

जागा... उलव्यासमोर, खाडीच्या तोंडाशी असलेलं एक काळं बेट. बेट कसलं, खडकच. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तास-दीड तास पाण्याबाहेर येतो आणि पुन्हा बुडतो.

माझे काका सुभाष तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. नवं शहर वसत होतं आणि कुठला दगड कसा आहे हे तपासायची सरकारी नोकरी त्यांच्याकडे होती. वाशीला तिसऱ्या मजल्यावर घर, लग्नाला दोन वर्षं झालेली. काकांना शिक्षणाचा माज नव्हता, खाज मात्र होती. आपल्या पायाखालचा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे ते पानवाल्यालासुद्धा ऐकवायचे.

होडी होती सारसोळे गावच्या बाळारामची. पन्नाशीचा कोळी. जन्मात कधी पायात चप्पल घातली नव्हती.

पण खडक दिसायला लागला तसं त्याने वल्हं आत घेतलं. दोन्ही पायांना गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीने करकचून बांधलं.

"कालवं टोचतात का रे?" काकांनी विचारलं.

"नाय सायेब. या खडकावर आमी उघडा पाय टेकत नाय." तो काकांच्या बुटांकडे बघत म्हणाला, "तुमीपन बूट काढू नका. भिजले तरी चालतील."

काका हसले. असले प्रकार त्यांनी गावोगाव ऐकले होते.

खडकावर उतरल्यावर मात्र त्यांना एक गोष्ट खटकली.

कालवं नव्हतीच.

एकही नाही. शेवाळ नाही, शंख नाही, खेकडा नाही. समोरच्या चिखलात बगळे बसले होते, पण या खडकावर एकही पक्षी नव्हता. एरवी समुद्रात बुडालेला दगड इतका स्वच्छ कसा?

मग त्यांना लाव्हाच्या वळ्या दिसल्या आणि ते सगळं विसरले. तापल्या दुधावरची साय बोटाने सारली की सुरकुत्या पडतात ना, अगदी तशा. वाहता वाहता गोठलेल्या. काका त्या वळ्यांच्या मागे मागे खडकाच्या मधोमध गेले. तिथे एक रुंद भेग होती.

भेगेपासून पुढे... पावलं उमटली होती.

माणसाची. अनवाणी. दगडात रुतलेली.

उजवं, डावं, उजवं... एकूण सात.

काका गुडघ्यावर बसले. छिन्नीची एकही खूण नव्हती. मऊ असतानाच लाव्हा दबला होता, कडेला तशी घडी पडली होती. पण लाव्हा मऊ होता तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. आणि असता तरी त्यात पाय ठेवून चालला नसता.

आणखी एक गोष्ट होती. चाल एकाच माणसाची, पण पाय एकाचे नव्हते. एक पाऊल लहान, बाईचं असावं. एक फेंगडं. सहाव्याला करंगळीच नव्हती.

काकांनी कॅमेरा बाहेर काढला. उद्या आपलं नाव होणार, हे त्यांना दिसायला लागलं होतं.

फोटो काढताना शेजारी मापाला काहीतरी ठेवायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. एरवी ते हातोडी ठेवायचे. पण पावलाला माप म्हणून पाऊलच बरं, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी डावा बूट काढला. मोजाही काढला.

आणि सातव्या ठशाच्या जरा पुढे, सपाट दगडावर, पाय टेकवला.

दगड गरम होता.

जानेवारीची संध्याकाळ. खडक नुकताच पाण्यातून वर आलेला. आणि चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी ऊब...

काकांनी फोटो काढला. पाय उचलायला गेले.

पाय उचलला गेला नाही.

कुणी धरला नव्हता. दुखत नव्हता. नुसता येत नव्हता, जणू तो त्यांचा नव्हताच.

"बाळाराम!" त्यांनी हाक मारली. "ए बाळाराम!"

तेवढ्यात मागून आवाज आला.

थप्...

भेगेजवळच्या पहिल्या ठशात साचलेलं पाणी उडालं होतं. कुणी त्यात पाय टाकावा तसं.

तिथे कुणी नव्हतं.

थप्... दुसऱ्या ठशातलं पाणी उडालं.

थप्... तिसऱ्या.

घाई नव्हती. अंगणात फेऱ्या मारणाऱ्या माणसासारखी संथ चाल. काकांनी दोन्ही हातांनी आपला गुडघा ओढला, हातोडीने दगड ठोकला. भरती सुरू झाली होती, खडकाच्या कडा बुडायला लागल्या होत्या.

"सायेब, मागं बघू नका!" बाळाराम पाण्यातून धडपडत येत ओरडला.

थप्. थप्. थप्.

सातव्या ठशातलं पाणी काकांच्या पोटरीवर उडालं. ते बर्फासारखं गार होतं.

मग त्यांच्या उघड्या पावलावर एक पाऊल पडलं.

ओलं. आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट. अख्ख्या माणसाचं वजन. काकांनी नंतर सांगितलं, त्या क्षणी कानाशी कुणीतरी समाधानाने श्वास सोडला.

आणि वजन गेलं. पाय सुटला.

बाळारामने त्यांना काखेत धरून ओढत होडीत टाकलं. कॅमेरा, बूट, हातोडी सगळं तिथेच राहिलं. जाता जाता काकांनी एकदाच वळून पाहिलं.

खडकावर आता आठ पावलं होती.

बाळारामने होडी किनाऱ्याला लावली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "घरी पाय धुवा आन फरशीवर चाला. दोनी ठसे उठले तर आजचं समदं विसरून जावा. नाय उठले तर माज्याकडं या."

घरी अरुणाकाकूंनी दार उघडलं. त्यांना काही न सांगता काका न्हाणीघरात गेले, पाय धुतले आणि बाहेर येऊन चार पावलं चालले.

उजवा ठसा उठला. लख्ख.

डावा नाही.

पायावरून पाणी ठिबकत होतं. पण पाय टेकवून उचलला की खालची फरशी कोरडी.

दुसऱ्या दिवशी काका तडक सारसोळ्याला गेले. बाळाराम जाळं विणत बसला होता. त्याने विचारलंच नाही, चेहऱ्यावरून समजला.

"बिन करंगळीचा ठसा हाय ना... तो माज्या बापाचा," तो म्हणाला. "गोनपाट बांधायला सांगितलं तर हसला, ऐकला नाय."

"मग काय झालं त्यांना?"

"काय नाय झालं. बरीच वर्सं जगला. मंग दाराम्होरं ओला पाय दिसाया लागला. रोज सकालचा. बिन करंगळीचा. एक दिवस तो पाय घरात आला, आन त्या दिवशी बापाचा ठसा परत उठला. बाप लय खूश! आख्ख्या गावाला दाखवत फिरला. ओहोटीला हसत हसत खाडीत गेला, तो परत आला नाय."

"तुम्ही अडवलं नाही?"

बाळारामने जाळं खाली ठेवलं. "हसत्या मानसाला कोन अडवतो सायेब?"

काकांनी नंतर खाडीकाठचं काम कधी घेतलं नाही. बदली मागितली, मिळाली नाही. घर विकायला काढलं, पण तेव्हा वाशीत यायलाच लोक नाखूश, तर गिऱ्हाईक कुठून मिळणार? पाय धुताना ते दार लावून घ्यायचे. हसणं तर त्यांचं बंदच झालं.

मी, दिलीप, नोकरीसाठी ८६ साली, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, त्यांच्याकडे राहायला आलो. काकू रोज पहाटे पाचला उठून दाराबाहेरची फरशी पुसायच्या. स्वच्छतेची हौस, असं मला वाटायचं. मी चेष्टाही करायचो.

परवा काकू ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाल्या. जायच्या आदल्या रात्री त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, काकांनी कधीतरी त्यांना सांगितलेली ही सगळी हकिगत ऐकवली आणि हातात फडकं दिलं.

"दोन वर्षं पुसतेय मी," त्या म्हणाल्या. "त्यांच्याआधी उठायचं. त्यांना दिसता कामा नये. आणि दार क्षणभरही उघडं टाकायचं नाही, एवढं लक्षात ठेव."

काल पहाटे मी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर एक ओलं पाऊल होतं. डावं. बोटं घराकडे. खाडीच्या चिखलाचा वास येत होता. मी पुसलं. पुसतानाच खालून दूधवाल्याने हाक मारली, मी दचकून उठलो आणि तसाच पिशवी आणायला खाली पळालो.

दार... मला वाटतं, मी ओढून घेतलं होतं.

आज पहाटे बाहेरची फरशी कोरडी होती. मला हायसं वाटलं. देवाला हात जोडले.

मग न्हाणीघरातून काकांची हाक आली.

"दिलीप! अरे, हे बघ!"

ते फरशीवर उभे होते. मागे चार ओले ठसे. उजवा, डावा, उजवा, डावा.

काका हसत होते. लहान मुलासारखे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी दाराला कुलूप लावून चावी खिशात ठेवली आहे. कॅलेंडरवर आजच्या तारखेत अमावास्येचा काळा गोल आहे, ओहोटी संध्याकाळी सहाची. आता साडेचार झालेत. काका दाराशी पाट घेऊन बसलेत. चावी मागत नाहीत, रागावतही नाहीत. नुसते हसून बघतात.

मघाशी म्हणाले, "तुझ्या काकूला भेटून येऊ या का रे? किती खूश होईल ती."

बोलले ते अगदी माझ्या काकांच्याच आवाजात. माझा हात खिशात गेला होता.