स्वच्छ वर्तुळ

बाबांच्या पायाची जखम वर्षभर बरी होत नव्हती. साखरेचा आजार, त्यात जंतू इतके चिवट की दवाखान्यातलं एकही औषध त्यांना लागू पडेना. डॉक्टर पाय कापायचं बोलू लागले. मी गडचिरोलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पाय वाचवायचाच, असं ठरवून मी त्या जखमेतलेच जंतू प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांच्यावर जंगलातल्या वनस्पती एकेक करून तपासू लागले.

एटापल्लीकडच्या, झाडपाल्याची औषधं देणाऱ्या सोमारीबाईंनी एका वेलीची साल आणून दिली. ओल्या सालीला गंजल्या लोखंडासारखा वास होता.

"बैलाच्या खुराले लावतो आमी," त्या म्हणाल्या. "माणसाले नाई."

"काऊन?"

"नाईच लावत, बाई." त्यांनी पदराला हात पुसले. पुन्हा पुसले.

सालीचा अर्क काढला, कागदाच्या टिकलीवर घेतला आणि ती टिकली जंतूंच्या बशीत ठेवली. सकाळी टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ होतं. तेवढ्यातले सगळे जंतू मेले होते. एवढं मोठं वर्तुळ मी कधी पाहिलं नव्हतं. फक्त, शेजारच्या बशीतही तसंच वर्तुळ होतं, आणि तिथल्या टिकलीवर नुसतं पाणी होतं.

माझीच काही चूक झाली असेल. अर्क कपाटात बंद केला. दुसऱ्या खोलीत, नव्या बशा घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. काहीच उगवलं नाही. माझा सहकारी विनोद याने त्याच टेबलावर तेच जंतू लावले, तर त्याची बशी दाट भरून आली.

"मॅडम, नुसतं बोट टेकवून पाहा बरं," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी एकेका बशीत बोट टेकवलं. धुतलेल्या हातावरसुद्धा जंतू असतातच. दुसऱ्या दिवशी विनोदचं बोट ठिपक्याठिपक्यांनी उमटलं होतं. माझी बशी कोरी होती.

त्यानंतर विनोद माझ्या हातून चहाचा कप घेईनासा झाला.

घरी मी लावलेलं दही लागेना. विरजण बदललं, दूध बदललं. दूध गोडच राहिलं.

अर्क मी बाबांना लावला नव्हता. तपासण्या पुऱ्या झाल्याशिवाय लावणारही नव्हते. पण पट्टी रोज मीच बदलत होते. एका सकाळी पट्टी सोडली तर पू नव्हता, वास नव्हता. जखम ओली, लाल, स्वच्छ. डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

जखम मात्र भरेना. तिची कड तसूभरही सरकेना. असू दे, म्हटलं, पाय तर राहिला. आता मी नव्याने तपासणी सुरू केली, माझ्याच हातांची.

काल दुपारी बाबा आरसा घेऊन अंगणात बसले होते.

"उर्वशी, पाय वाचला म्हटलं डॉक्टरनं, त्याले महिना झाला. तवापासून मी दाढीच नाई केली."

मी वर पाहिलं.

"हात लावून पाह्य ना," म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि गालावर ठेवला.

गाल आताच वस्तरा फिरवल्यासारखा गुळगुळीत होता. मी हात ओढला. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला होता.