समोरच्या पक्षातला

"अहो, बघताय काय नुसतं? धरा की दुसरं टोक!"

पूनम ओरडली खरी, पण ज्याच्यावर ओरडली तो कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं. कुंभारीच्या सभेवर परतीच्या पावसानं अशी काही धाड घातली होती की पुढारी गाड्यांत शिरले, बायका पदर डोक्यावर ओढून घराकडे धावल्या, आणि पोरं खुर्च्या उलट्या डोक्यावर धरून पसार झाली. मैदानात उरली ती एक भली थोरली सतरंजी, तिचं एक टोक धरून उभी असलेली चिंब पूनम, आणि बाभळीखाली थांबलेला तो एक अनोळखी तरुण.

तो पुढं आला. त्यानं दुसरं टोक उचललं.

सतरंजीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरून एकमेकांकडे चालत यावं लागतं. पहिल्या घडीला दोघं लांब होती. दुसऱ्या घडीला पूनमला त्याच्या पापण्यांवरचं पाणी दिसलं. तिसऱ्या घडीला त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि दोघांनीही सतरंजी सोडली नाही म्हणूनच केवळ ती चिखलात पडली नाही!

"भाषण झकास केलंत तुमी," तो म्हणाला.

"ऐकलं व्हय? मला वाटलं, पाऊसच ऐकत होता."

"गावाचं पाणी घेऊन आमच्या दादांचे टँकर कुटं गेले म्हणून विचारत होता की. तेच ऐकायला आलोय."

"आमच्या दादांचे?" पूनमचा हात जागच्या जागी थांबला. "म्हणजे तू उदयसिंहाचा माणूस?"

"तुमच्या सभेला माणसं किती येत्यात, ते बघायला धाडलंय मला."

"मग? बघितली?"

"बघत होतो. तेवढ्यात पाऊस आला." तो हसला. "आता एकच उरली."

पूनमला हसू फुटत होतं, म्हणून तिनं राग आणला. "लाज न्हाय वाटत? समोरच्या पक्षाची सतरंजी उचलतोस?"

"ओल्या सतरंजीला पक्ष नसतो, बाई."

"बाई कुणाला म्हणतोस रे?"

"मग काय म्हणू?"

"पूनम!" ती फणकारली. तिनं आपण होऊन नाव सांगून टाकलं होतं, हे तिला घरी जाऊन डोकं पुसताना कळलं. त्याचं नाव मात्र तिनं दुसऱ्या दिवशी चौकशी करून काढलं. इंद्रजीत. शेजारच्या वस्तीवर राहायचा, शहरात नवी पेठेत चादरींच्या दुकानात कामाला होता.

पूनम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांना शिलाई मारायची. आई मागेच गेली होती. घरी ती आणि तिचे आबा, धुळाप्पा. आबांनी मेंढरं विकली पण पक्ष विकला नाही, असं गावात म्हणायचे. त्यांच्या काळात कार्यकर्ता भाकरी फडक्यात बांधून सायकलनं वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचा. पक्ष सोडलेला माणूस बाजाराच्या दिवशी मागच्या वाटेनं जायचा, चारचौघांत डोळ्याला डोळा देत नसायचा. तसल्या दिवसांतले आबा. पंचायत समितीची जागा यंदा बायकांसाठी सुटली, तेव्हा तालुकाध्यक्ष मानसिंग अण्णा स्वतः घरी येऊन म्हणाले होते, "धुळाप्पा, तुझी लेक आमची उमेदवार." त्या दिवशी आबा जेवले नव्हते, नुसते हसत बसले होते.

आणि इकडे हा इंद्रजीत! संध्याकाळी कारखाना सुटला की याची मोटारसायकल नेमकी गेटासमोर बंद पडायची.

"किक मारून बघ की," पूनम म्हणायची.

"तू आलीस की हुती सुरू आपोआप."

"खोटारडा! सगळा पक्षच तसला तुमचा."

एकदा ती मुद्दाम नवी पेठेत त्याच्या दुकानात गेली. त्यानं एकामागून एक चादरी तिच्यासमोर उलगडल्या, मोरांच्या, कमळांच्या, चौकड्यांच्या. शेवटी दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही.

"कुठली देऊ?"

"एक बी नको. समोरच्या पक्षाकडनं आमी घेत न्हाय."

"मग आलीस कशाला?"

"बघायला," ती म्हणाली, आणि चादरींकडे न बघता गेली.

असं चाललं होतं. पण एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर तिनं त्याला सरळच विचारलं, "इंद्रजीत, खरं सांग. टँकर कुटं गेले?"

त्यानं कप खाली ठेवला. "बोलत न्हाय म्हणून मला ठावं न्हाय, असं न्हाय, पूनम. पण... बाप आजारी होता तेव्हा दादांनी रात्रीतनं गाडी दिली. दुकानात त्यांनीच चिकटवलं."

"उपकार तुझ्यावर केले," पूनम म्हणाली, "आणि पाणी आमचं नेलं."

त्यानं चहाचे पैसे काढून ठेवले. तिला त्याचा राग आला, आणि राग येऊनही उठून जावंसं वाटेना, म्हणून स्वतःचाही आला.

संक्रांत झाली, निवडणूक तोंडावर आली. एके सकाळी कारखान्यात यंत्रांच्या धडधडाटात पूनमचा फोन वाजला. इंद्रजीतचा आवाज नुसता उड्या मारत होता.

"पूनम! एकाच पक्षात आलो की आपण! दादा तुमच्या पक्षात येत्यात. उद्या प्रवेश. आता कुणी काय बोलायचं न्हाय आपल्याला!"

पूनमच्या हातातला टॉवेल तसाच सुईखाली राहिला.

"तिकीट?" तिनं विचारलं.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग अडखळत, "उत्कर्षावहिनींना... म्हणजे दादांच्या मंडळींना. पण पूनम, आपलं तरी—"

"तुला आनंद झाला, इंद्रजीत?"

"तसं न्हाय गं—"

"माझ्या आबांच्या घरात चोर शिरला, आणि तू मला सांगतोस, आता एकाच घरात राहू?" तिचा आवाज यंत्रांच्याही वर गेला. "उद्या त्याच्या मागं उपरणं घालून घ्यायला उभा राहिलास, तर माझं नाव घ्यायचं न्हाय. पुन्हा कदी न्हाय!"

संध्याकाळी मानसिंग अण्णा आले. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"वरनं आलंय, पोरी. आमच्या हातात काय न्हाय. मुंबईत ठरलं."

"वरनं पाऊस येतो, अण्णा. उमेदवार गावातनं यायला पायजे."

"पुढच्या खेपेला तुझंच बघू. उद्या तेवढं ये. तू पक्षाची लेक. दादांना नि वहिनींना तूच ओवाळायचं. फोटो चांगला येईल."

आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी नुसतं विचारलं, "मानसिंग, परवापर्यंत त्याला चोर म्हणत हुतो की रं आपण?"

"राजकारण हाय, धुळाप्पा," अण्णा म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात मंडप पडला. ढोल, फटाके, हार! पूनमच्या हातात कुणीतरी ताट दिलं. कुंकू, अक्षता, सुपारी, पेटतं निरांजन. मंचावर उदयसिंह हात जोडून हसत होता, शेजारी वहिनी, आणि मागं त्यांच्या माणसांची रांग. पूनमनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. रांगेत इंद्रजीत होता. गळ्यात नवंकोरं उपरणं. मान खाली.

आत काहीतरी तुटलं, आणि ते तुटल्यावर भीतीही गेली.

"आता पक्षाची लेक पूनम दादांचं औक्षण करील!" माईकवरून अण्णा गरजले.

पूनम मंचावर चढली. इंद्रजीतपाशी क्षणभर थांबली. "उपरणं शोभतंय हं तुला," इतकंच म्हणाली. मग उदयसिंहाच्या समोरून तशीच पुढं गेली, मंचाच्या पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेल्या आपल्या आबांसमोर गुडघ्यावर बसली.

"टोपी सरळ करा, आबा."

"आगं, माझं काय... तिकडं..."

"उभा जन्म पक्षासाठी झिजलात. तुमच्या कपाळाला एकदा तरी बोट लावलं कुणी?" तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजन ओवाळताना तिचे डोळे कोरडे होते. आबांच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

ढोल बंद पडले. मागून राजाबाईनं, पूनमच्या शेजारणीनं, टाळी वाजवली, मग बायकांत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हा पक्षाचा अपमान हाय!" अण्णा ओरडले.

पूनम उठून उभी राहिली. "पक्ष हितं खाली बसलाय, अण्णा. वर तुमी नि पाहुणे हाय."

घरी जाताना आबा एकच वाक्य बोलले. "आता गप बसू नको. अर्ज भर. अपक्ष."

अर्ज भरायचा म्हणजे सूचक पाहिजे, याच मतदारसंघातला, उघडपणे सही करणारा. आबांची सही चालेना, कारण त्यांचं नाव यंदा मतदारयादीतून गेलेलं! कुणी म्हणालं चूक झाली, कुणी म्हणालं केलेली चूक. पूनम दारोदार हिंडली. टाळ्या वाजवणारी राजाबाईसुद्धा पदराशी चाळा करत म्हणाली, "मत देतो गं, गुपचूप. सही नको मागू. पोरगा दादांच्या पतसंस्थेत हाय माझा."

शेवटच्या दिवशी ती तहसील कचेरीत बाकावर बसून होती. राग आता कुणाएकावर राहिला नव्हता, तो सगळ्या गावावर पसरला होता. भिंतीवरचं घड्याळ तीनकडे सरकत होतं. मुदत तीनपर्यंतच होती.

"सही कुटं करायची?"

तिनं वर बघितलं नाही. आवाज ओळखीचा होता. "तुझ्या दादांकडं जा, ते सांगतील."

"पूनम, वेळ न्हाय. रागव नंतर."

"रांगेत उभा राहिलास तू!"

"राहिलो." तो समोर उकिडवा बसला. "खोटं बोलत न्हाय. भ्यालो. पण तू आबांना ओवाळलंस तेव्हा मला माझा बाप दिसला. तो बी असाच खाली बसायचा, दादांच्या सभेत. आजारपणात गाडी आली, हे मला ध्यानात राहिलं. त्याआधी बापानं किती वर्षं घासली, हे मी इसरलो. ते उपकार नव्हते, पूनम. ती आमची मजुरी हुती."

ती उठली. कागद त्याच्या पुढं धरला.

खिडकीतला कारकून चष्म्यावरून बघत होता. "सूचक तुम्ही? उमेदवाराच्या नात्यातले का?"

"विरोधक," इंद्रजीत म्हणाला.

"आँ?"

"म्हणजे हुतो, साहेब. आता कोण ते... अजून विचारायचं राहिलंय."

कारकून खुदकन हसला. पूनम हसली नाही. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्याला ती काय करणार?

अर्ज आत गेला, पोच हातात आली. बाहेर पायरीवर येईस्तोवर इंद्रजीतचा फोन वाजू लागला.

"घे की," ती म्हणाली. "घाबरतोस व्हय?"

त्यानं घेतला. "व्हय दादा... केली... व्हय, शुद्धीत हाय... बरं." फोन खिशात गेला.

"काय म्हणाले?"

"उद्यापासनं दुकानात यायचं न्हाय."

पूनमनं त्याच्याकडे बघितलं. उन्हात त्याचा चेहरा एकदम पोरका दिसत होता, आणि तरी तो मान वर करून उभा होता. तिनं त्याला असं ताठ उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"नोकरी न्हाय, पक्ष न्हाय," ती चिडून म्हणाली. "आता लग्न कसं करशील रे?"

"कुणाशी?"

"तोंड वर करून विचारतोस, कुणाशी? एवढी माणसं बघायला धाडत्यात तुला, आणि समोरची दिसत न्हाय!"

त्याच्या ओठांवर हसू यायला बराच वेळ लागला, पण आलं ते डोळ्यांपर्यंत पोचलं. त्यानं हळूच हात पुढं केला. तिनं तो धरला, जरा जास्तच जोरात.

"एवढ्यानं माफ केलं असं समजू नको," ती म्हणाली. "राग गेला न्हाय माझा. तुझ्यावरचा न्हाय, अण्णांवरचा न्हाय, कुणावरचाच न्हाय."

"जाऊ देऊ नको," इंद्रजीत म्हणाला. "मतदान हुईस्तोवर तर अजिबात जाऊ देऊ नको. दारोदार तोच घेऊन हिंडू आपण."

"आणि मग?"

"मग उरला तर माझ्यावर काढ की... जन्मभर."